देवाजी, ती ड्यूटी माझी होती

देवा,

तुझी शोकसभा चांगली झाली. विहाराचं अंगण भरलं होतं, बाया पार भिंतीला टेकून बसल्या होत्या. वंदना झाली, मग एकेक जण बोलायला उठला. तुझ्या टपरीवरून वह्या-पेन्सिली घेऊन शाळेत गेलेली माणसं आता स्वतः नातवंडांना घेऊन आली होती. ती मोजकं बोलली, बरं बोलली. मग एक चष्मेवाले गृहस्थ उठले. ते म्हणाले, ‘‘देवाजीदादांनी तरुणपणी जुगाराच्या नादात हात गमावला. पण त्या सवयीवर मात करून ते ताठ उभे राहिले. आपल्या तरुणांनी यातून बोध घ्यावा.’’

लोकांनी माना डोलावल्या. तुझ्या पोराने, मिलिंदने, मान खाली घातली. मला मांडी घालून बसवत नाही म्हणून खुर्ची दिली होती. मी काठी धरली, उठायचं म्हणून पाय रोवले, आणि उठलो नाही. शेजारच्याला वाटलं मला चक्कर आली. त्याने पाणी आणून दिलं. ते मी प्यायलो.

जे तिथे बोललो नाही ते इथे लिहितो. अक्षर वाकडं येतं, पण ज्यांनी त्या दिवशी माना डोलावल्या त्यांच्यापर्यंत हे जायला हवं. तू जुगारी नव्हतास. पैसा लावून तू आयुष्यात एक डाव खेळला नाहीस. आणि ज्या जागी तुझी बोटं गेली तिथे त्या संध्याकाळी मी असायला हवा होतो.

हल्लीच्या पोरांना ते भिलाई सांगून समजत नाही. आज जिथे सेक्टरमधली झाडं रस्त्यावर सावली धरतात तिथे तेव्हा नुसता लाल मुरूम होता. भट्टीचा सांगाडा रोज थोडा थोडा वर चढायचा आणि आपण खलासी लोक दोर, पुली आणि तार गुंडाळून ओझं उचलणारी विंच घेऊन त्याच्या अंगाखांद्यावर. रशियन साहेब हातवारे करून सांगायचे, दुभाष्या काहीतरी तिसरंच सांगायचा, आणि शेवटी जमादार ओरडायचा ते आपल्याला कळायचं. एका ठेकेदाराच्या पत्र्याच्या खोलीत आपण तिघं: मी गोंदियाकडच्या रेल्वेवाल्याचा पोरगा, तू भंडाऱ्याकडचा, नुकताच दीक्षा घेऊन आलेला, आणि इथल्याच जवळच्या अहिवारा गावचा बिसाहू, ज्याला आपलं मराठी समजायचं पण तोंडातून छत्तीसगढीच निघायची.

दुपारी पत्रा तापला की खोलीत बसवत नसे. बाहेरच्या मोहाच्या झाडाखाली पोतं अंथरून तू तीन पत्ती मांडायचास. मला काहीच येत नव्हतं. तू शिकवलंस. प्रत्येकाला तीन पाने. तिन्ही सारखी आली तर ती सगळ्यात मोठी, त्याखाली ओळीने आलेली, मग एका रंगाची, मग जोडी, आणि काहीच नसेल तर ज्याचं पान मोठं तो. पाने न बघता खेळलास तर एक चिंचोका टाकायचा, बघून खेळलास तर दोन. पटलं नाही तर पाने पालथी टाकायची आणि ‘पॅक’ म्हणायचं. शेवटी दोघंच उरले की एक जण शो मागणार, म्हणजे दोघांनी पाने उघडी करायची. बस. इतकंच.

‘‘इतकंच?’’ मी म्हणालो होतो.

‘‘हाव. बाकी सारं समोरच्याच्या तोंडावर लिवलेलं रायते. पत्ते कायले पाह्यतं बे? माणूस पाय.’’

आणि तू बिसाहूकडे बोट दाखवलंस. ‘‘हा पाय. याच्यापाशी चांगले पत्ते आले का गाणं बंद. नाही आले का गुनगुनते.’’

बिसाहू चिडला. ‘‘मैं नइ गुनगुनावँव गा!’’ पुढच्या डावात तो मुद्दाम गप्प बसला. आपण दोघंही घाबरून पॅक झालो. त्याच्याकडे काही नव्हतं. तेव्हा तू किती हसलास! पोत्यावर आडवा पडून हसलास. ‘‘शिकला, शिकला, अहिवारावाला शिकला!’’

‘‘अन् माझं काय?’’ मी विचारलं होतं. ‘‘माझ्या तोंडावर काय दिसते?’’

‘‘तुझं सांगतलं तं मी खेळू कोणासंगं?’’

ते तू कधीच सांगितलं नाहीस. पुढे इतकी वर्षं गेली, मी कितीदा विचारलं. आता तो प्रश्न तू घेऊन गेलास.

पैसा लावायचा नाही हा नियम तुझा. आपण चिंचोके लावायचो. एक चिंचोका म्हणजे टँकरवरून पाण्याची एक बादली. पाच म्हणजे एका दिवसाचा स्वयंपाक. आणि खडा टाकला म्हणजे ड्यूटी लावली. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याची पाळी करायची. हे फक्त आपल्याच खोलीत चालायचं असं नाही, सगळ्या खलासी कॅम्पात कुठल्या ना कुठल्या रीतीने चालायचं, कारण जमादार तोंडं बघत नसे. तो डोकी मोजायचा आणि पितळी टोकनं मोजायचा. दोन्ही आकडे जुळले की त्याचं काम झालं. दुसऱ्याची पाळी करायची म्हणजे त्याचं टोकन खिशात घालून जायचं, इतकं सोपं.

कोणी विचारेल, ड्यूटी बदलायला पत्ते कशाला? मित्र होता, नुसतं मागायचं. मी मागितलं होतं. दोनदा मागितलं, दोनदा तू केलीस. तिसऱ्यांदा तू मला झाडाखाली बसवलंस आणि म्हणालास, ‘‘मांगू नको, वामन्या. गावात माझा बाप दारोदार भाकर मांगे. ते त्याचं कामच होतं, गावानं लावलेलं. तो मांगे तवा त्याचं तोंड कसं होये, मी पाह्यलं हाय. दीक्षा घेतली त्या दिवशी त्यानं भाकर मांगाची टोपली जाळली. मी कोनाले मांगत नाही, अन् मले कोनी मांगाव तेबी मले पाहवत नाही. तुले पायजेन तं खेळून घे. जिंकशीन तं तुझी.’’

मला तेव्हा हे विचित्र वाटलं. मागण्यात काय एवढं? माझ्या बापाला कोणी भाकर मागायला लावली नव्हती, म्हणून मला ते विचित्र वाटलं. हे समजायला मला फार उशीर लागला.

मग तो दिवस. माझं लग्न होऊन सहा महिनेही झाले नव्हते. सुमन पहिल्यांदा येणार होती, तिच्या भावाबरोबर, संध्याकाळच्या पॅसेंजरने दुर्गला. माझी दुपारनंतरची पाळी. जमादाराने सुट्टी नाकारली. म्हणून आपण जेवण झाल्यावर बसलो.

मला तो डाव पानापानाने आठवतो. माझ्या हातात दुर्री, सत्ती आणि एक गुलाम, तिन्ही वेगळ्या रंगांची. म्हणजे काही नाही. बिसाहू लवकर पॅक झाला आणि विडी पेटवून बघत बसला. चिंचोके पडत गेले. तू पाने बघितलीस, खडा टाकलास. मीही टाकला. मग मी दुसरा खडा टाकला. तूच शिकवलं होतंस की खोटं खेळणाऱ्याला हात कुठे ठेवावे समजत नाही, म्हणून मी दोन्ही हात मांडीवर ठेवून अगदी स्थिर बसलो.

तू बराच वेळ माझ्याकडे पाहिलंस.

‘‘दोन खडे?’’

‘‘दोन.’’

‘‘सुमनवैनी आज येऊन राह्यली ना?’’

‘‘त्याचं इथं काय?’’

‘‘काही नाही बे. विचारलं.’’

तू पाने पालथी केलीस आणि ढिगात सरकवलीस. ‘‘पॅक.’’

‘‘डर्रा गेस का गा देवाजी!’’ बिसाहू ओरडला. तू हात झटकून उठलास आणि माठाकडे गेलास. तू पाठमोरा असताना मी ढिगातली तुझी पाने उचलून पाहिली. पॅक केलेली पाने बघायची नाहीत, तीही तुझीच ताकीद होती. दोन राण्या होत्या. पुढचा खडा टाकून शो मागितला असतास तर डाव तुझा होता.

तू परत आलास, हात पुढे केलास. ‘‘आन टोकन.’’ मी दिलं. तू ते शर्टाच्या खिशात टाकलंस आणि म्हणालास, ‘‘वैनीले सांग, देवाजीनं नमस्कार सांगतला. अन् गजरा घे बे, रिकाम्या हातानं जाऊ नको.’’

गाडी उशिरा आली. दुर्गच्या फलाटावर मी चहा घेत उभा होतो, देवा, आणि मी खूश होतो. बायको येणार म्हणून होतोच, पण त्याहून जास्त तुला फसवलं म्हणून. गुरूला फसवलं. त्याच वेळी इकडे तुळई वर चढत होती आणि विंचच्या ड्रमवर तारेचा फेरा दुसऱ्या फेऱ्यावर चढला. ती तार जागेवर ढकलायला तू हात घातलास. मी तिथे असतो तर मीही हात घातला असता, आपण सगळे घालायचो. ती चूक रोजची होती. त्या दिवशी तार सुटली.

गाडीला उशीर झाला म्हणून रात्र आम्ही दुर्गलाच काढली; सकाळी बिसाहू सायकल मारत तिथे आला. त्याने उजवा हात पुढे धरून डाव्या हाताने चार बोटं मिटून दाखवली.

दवाखान्यात तू औषधाच्या गुंगीत होतास. तुझे कपडे गुंडाळून खाटेखाली ठेवले होते. तिथल्या माणसाने ते माझ्या हातात दिले, ‘‘इनका सामान.’’ शर्टाच्या खिशात माझं टोकन होतं. मी ते काढलं आणि माझ्या खिशात टाकलं. कोणी सांगितलं नव्हतं. विचारही केला नाही. हाताने आपोआप केलं.

तू शुद्धीवर आलास तेव्हा पहिलं काय विचारलंस ते मी कोणाला सांगितलेलं नाही.

‘‘टोकन घेतलं?’’

‘‘हाव.’’

‘‘बरं,’’ तू म्हणालास आणि भिंतीकडे तोंड केलंस.

ते ‘बरं’ मी साठ वर्षं वाचतो आहे. माझी नोकरी वाचली म्हणून बरं? की माझी लायकी कळली म्हणून बरं? तू मला माणूस बघायला शिकवलंस, आणि जिथे गरज होती तिथे मला काही दिसलं नाही. तुझी फक्त पाठ दिसत होती.

पुढे ठेकेदाराच्या माणसाने चौकशी केली. कागदोपत्री मी हजर होतो, डोकीही जुळत होती. त्याने विचारलं, ‘‘तुम उधर थे?’’ मी म्हणालो, होतो, दुसऱ्या टोकाला. ‘‘ये देवाजी बिना ड्यूटी अंदर क्यों आया?’’ मी म्हणालो, माहीत नाही. बिसाहूला विचारलं. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘‘मोला नइ मालूम.’’ त्यानंतर तो माझ्याशी पत्ते खेळला नाही. वर्षभरात गावी निघून गेला आणि तिकडेच वारला.

ठरलं असं की देवाजी पाळी नसताना आत शिरला, चूक त्याचीच. तुला कामावरून काढलं. मग कॅम्पाने गोष्ट पुरी केली: पत्त्यात हरला होता, हिशेब चुकवायला आत गेला होता, पिऊन होता. पिऊन! ज्याने मोहाच्या झाडाखाली बसून मोहाची कधी चवही घेतली नाही. मी हे सगळं ऐकलं. काही वेळा हसणाऱ्यांत उभा राहून ऐकलं.

बांधकाम संपलं, आपल्या टोळीतले बरेच जण कायम झाले. मीही झालो. मला क्वार्टर मिळालं, पोरं शाळेत गेली, मी पेन्शनीत निघालो. तुला रुआबांधा वस्तीत टपरी मिळाली, तीही तुझ्या बायकोच्या, कौसल्यावहिनींच्या, भावाने बांधून दिली म्हणून.

पहिली काही वर्षं मी त्या रस्त्याने जात नसे, लांबून फिरून जायचो. एकदा सायकलची चेन उतरली ती नेमकी तुझ्या टपरीच्या कोपऱ्यावर. मी खाली मान घालून चेन बसवत होतो आणि मागून आवाज आला.

‘‘कावून बे वामन्या? तोंड लपवून राह्यला का चेन बसवून राह्यला?’’

मी काळे झालेले हात पँटला पुसले.

‘‘ये इकडे. चहा पे. कौसल्या, हा वामन्या. याच्या बायकोले मी नमस्कार पाठवला होता, यानं पोचवला का नाही विचार त्याले.’’

कौसल्यावहिनींनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘बसा भाऊजी,’’ त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवला.

तेव्हापासून रविवार. तू एका लाकडी पट्टीत खाच पाडून घेतली होतीस, तिच्यात तुझी तीन पाने उभी राहायची. पिसायचं आणि वाटायचं काम माझं. चिंचोके वहिनी द्यायच्या आणि रात्री परत मोजून घ्यायच्या, ‘‘आमटीले लागतेत’’ म्हणून चिडवायच्या. लावायला आता ड्यूट्या नव्हत्या. हरला त्याने सुपारी कातरायची. तू डाव्या हाताने कातरू शकत नव्हतास म्हणून हरलास तरी मीच कातरायचो, आणि तू म्हणायचास, ‘‘पाय, मी हरलो तरी तूच हरते.’’ असल्या बोलण्यावर तू हसायचास, मीही हसायचो, आणि घरी जाताना सायकल जड लागायची.

सुमन गेली तेव्हा तू तेरा दिवस माझ्याकडे येऊन बसलास. आमचे विधी तुला पटत नव्हते, तरी कोपऱ्यात बसून राहिलास. पिंडाच्या वेळी बाहेर जाऊन उभा राहिलास आणि मग परत आलास. आभार मानायचे राहिले. तुला आभार आवडत नव्हते, हे निमित्त मला नेहमी सोयीचं पडलं.

एका रविवारी मी बोललोच. वहिनी आत होत्या.

‘‘देवा, त्या दिवशी माझ्यापाशी काही नव्हतं. दुर्री, सत्ती, गुलाम.’’

तू पट्टीतली पाने नीट लावत राहिलास. ‘‘तुझे पत्ते मोठे होते. म्हणून पॅक केलं.’’

‘‘नव्हते मोठे. अन् तुझ्या दोन राण्या मी उचलून पाह्यल्या.’’

‘‘झालेल्या डावाचे पत्ते दाखवाचे नसतेत बे.’’ तुझा आवाज चढला. एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. ‘‘मी हरलो म्हंतो ना? मंग हरलो. तू कोन मले जिंकवणारा? खेळाचं असन तं खेळ, नाही तं जाय घरी.’’

मी पाने वाटली.

तुला माहीत होतं की नव्हतं, हे मला कधीच कळणार नाही. माहीत असून पॅक केलंस तर तू मला ती संध्याकाळ दिलीस, आणि माझ्यावर मागण्याची पाळी येऊ नये म्हणून दिलीस. माहीत नव्हतं तर मी तुला फसवून त्या विंचवर पाठवलं. दोन्हीकडून विचार केला. कोणत्याही बाजूने हलकं वाटत नाही. आता विचार करायचीही ताकद नाही.

सभेच्या दुसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी गेलो. वहिनी पलंगावर बसल्या होत्या, मिलिंद बाजूला. म्हटलं, मला काही सांगायचं आहे, मधे बोलू नका. टोकन, खडे, दवाखाना, चौकशी, सगळं सांगितलं. मिलिंदकडे बघून म्हणालो, ‘‘बाबा, तुझ्या बापाची नोकरी मी खाल्ली. तुझी शाळा टपरीवर झाली ती माझ्यामुळे.’’

तो रडेल, ओरडेल, हाकलून देईल, मी सगळ्याची तयारी केली होती. तो उठला आणि पंखा थोडा वाढवला.

‘‘काका,’’ तो म्हणाला, ‘‘हे आमाले माहीत हाय.’’

‘‘काय माहीत हाय?’’

‘‘सारंच. मी पाचवीत होतो तवा बाबानं सांगतलं. शाळेत पोरं मले जुगाऱ्याचा पोरगा म्हनत, मी मारामारी करून आलो, तवा सांगतलं. ताईलेबी माहीत हाय. माझ्या बायकोले तर लगन झाल्यावरच सांगतलं.’’

मी वहिनींकडे पाहिलं. दर रविवारी त्यांनी मला चहा दिला होता. जेवल्याशिवाय जाऊ दिलं नव्हतं. माझ्या नातवाच्या बारशाला त्यांनी दुपटं शिवून आणलं होतं. इतकी वर्षं त्या घरातलं प्रत्येक माणूस सगळं जाणून माझ्यासमोर बसत होतं, लहान पोरंसुद्धा, आणि एकाच्याही तोंडावर मला कधी काही दिसलं नाही.

‘‘मग बोलला कावून नाही कोणी?’’

वहिनी डोळे पुसत नव्हत्या. त्या फक्त थकलेल्या दिसत होत्या, माझ्यासारख्याच. ‘‘ते म्हनत,’’ त्या म्हणाल्या, ‘‘त्याले कळू देऊ नका का तुमाले माहीत हाय म्हून. कळलं तं तो याचा बंद होईन.’’

मिलिंद मला फाटकापर्यंत सोडायला आला. म्हणाला, ‘‘काका, बाहेर सांगाचं असन तं सांगा. मले बरं वाटन. घरात सांगाचं काही नाही.’’ म्हणून हे लिहिलं. चष्मेवाल्या गृहस्थांना एक प्रत पाठवतो आहे. बोध घ्यायचाच असेल तर त्यांनी माझ्यावरून घ्यावा.

आणि आता जे खरंच सांगायचं आहे ते. त्या दिवसानंतर तीन रविवार गेले आणि मी तुझ्या घरी गेलेलो नाही. पहिल्या रविवारी पाऊस आहे म्हटलं. दुसऱ्या रविवारी गुडघा. तिसऱ्या रविवारी काही कारणही सांगितलं नाही, नुसता कपडे घालून बसून राहिलो. ज्या घरात सगळ्यांना सगळं माहीत आहे तिथे चहाचा कप हातात कसा धरायचा हेच मला समजेना. तुझ्या सुनेचा फोन आला होता, ‘‘काका, भात तुमच्या वाटचा लावू का?’’ मी म्हणालो, नको आज.

तू बरोबर ओळखलं होतंस. कळलं तर तो यायचा बंद होईल.

देवा, माणसाबद्दलचा तुझा अंदाज क्वचितच चुकला. या एका ठिकाणी तो चुकवायचा आहे. उद्या रविवार आहे. मी तुझ्या सुनेला आत्ताच फोन करून सांगितलं, भात लाव.